बातमी कोणाची होते?

(बदनापूर येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'वृत्तपत्रे आणि चळवळ' असा विषय दिला आहे. वृत्तपत्रांच्या अर्थकारणाविषयी अधिकाराने बोलणारी माणसे आपल्यात आहेत. मी त्यांतला नव्हे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकविले. तेव्हा मी शब्दांपासून सुरुवात करणार आहे. बातमी आणि प्रसिद्धी यांविषयी इंग्रजीत जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांतले पुष्कळसे आपल्या वृत्तपत्रांनी कधी भाषांतर करून, कधी जसेच्या तसे उचलले. यात नवल नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. मराठी वृत्तपत्राचा जन्मच इंग्रजीच्या शेजारी झाला. शेजाऱ्याकडून विरजण आणावे, त्याप्रमाणे आपण शब्द आणले. परंतु वाक्प्रचार म्हणजे नुसते शब्द नव्हेत. एखादा समाज कशाला महत्त्व देतो आणि कशाला देत नाही, याचा निवाडा त्यात दडलेला असतो. शब्दांबरोबर तो निवाडाही आपल्या घरात आला आणि तो आपण तपासून घेतला नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकविले जाणारे वचन सर्वांना ठाऊक आहे: कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे, माणूस कुत्र्याला चावला तर ती बातमी. एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कच्या 'सन' पत्रातील संपादकांच्या नावावर हे वचन सांगितले जाते. ऐकायला गमतीचे आहे, आणि त्यात व्यवहाराचे शहाणपणही आहे. परंतु त्यातला निवाडा पाहा. जे रोज घडते ते बातमी होण्यास नालायक ठरते. आता अन्यायाचे लक्षण कोणते? तर तो रोज घडतो. म्हणजे ज्याच्यावर क्वचित अन्याय होतो त्याची बातमी होणार आणि ज्याच्यावर नित्य होतो त्याची कधीच होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रोजगार हमीच्या कामावरील मजुरी थकली म्हणून आम्ही एका गावच्या बायामाणसांना घेऊन कचेरीवर गेलो होतो. परतताना आमच्यातले तिघेचौघे एका वृत्तपत्राच्या कार्यालयात बातमी द्यावयास गेले. तेथील उपसंपादक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी आम्हांला चहा पाजला, निवेदन वाचले आणि खरोखरच्या खेदाने म्हणाले, "गुरुजी, मजुरी थकली, यात नवीन काय?" आम्ही जिना उतरलो. आमच्याबरोबर आलेली एक मजूर बाई म्हणाली, "व्हय गुरुजी, आमची मजुरी रोजच थकती म्हणून बातमी होत नसंल, तर एकदा टायमावर देऊन बघा म्हणावं. त्याची तरी होईल!" त्या इंग्रजी वचनावर याहून मार्मिक भाष्य मी कुठे वाचलेले नाही.

या नियमाचा दुसरा परिणाम अधिक वाईट आहे. कुत्रा चावल्याची बातमी होत नाही हे एकदा कळले, की चावा बसलेला माणूस स्वतःच कुत्र्याला चावण्याचे मार्ग शोधू लागतो. पाण्याच्या टाकीवर चढून केलेल्या आंदोलनाला आपली वृत्तपत्रे 'शोले स्टाईल' म्हणतात. अर्धनग्न मोर्चे निघतात, रस्त्याच्या खड्ड्यात रोपे लावली जातात, धरणाच्या पाण्यात उभे राहून जलसमाधीचे इशारे दिले जातात. २०२३ च्या मार्चअखेरीस आपल्या शेजारच्या फुलंब्रीत एका तरुण सरपंचाने, विहिरींच्या मंजुरीसाठी शेतकऱ्यांकडे लाच मागितली जाते असा आरोप करीत, पंचायत समितीच्या कार्यालयासमोर दोन लाख रुपयांच्या नोटा उधळल्या. देशभर ते दृश्य दिसले. लाच मागितली जाण्याची तक्रार त्या दिवसाच्या आधी कोणी केलीच नव्हती, असे थोडेच आहे? पण ती तक्रार म्हणजे कुत्र्याचे चावणे होते. नोटा उधळणे हे माणसाचे चावणे झाले. त्या तरुणाला मी दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत न्याय मागणाऱ्याला आधी तमाशा उभा करावा लागतो, त्या व्यवस्थेला मी दोष देतो.

अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या धंद्यात आणखी एक वचन प्रचलित आहे: रक्त सांडले असेल तर ती बातमी पहिली. त्याचा अर्थ जालना जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २९ ऑगस्ट २०२३ रोजी उपोषण सुरू झाले. देशाला त्या गावाचे नाव कळले ते १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर. मागणीच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की उपाशी बसलेला माणूस आणि डोके फुटलेला माणूस यांत कॅमेरा दुसऱ्याची निवड करतो. अहिंसक मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक चळवळीपुढे यातून एक बिकट प्रश्न उभा राहतो. शांततेने बसलो तर कोणी पाहात नाही, आणि पाहावे म्हणून शांतता मोडली तर लोक केवळ मोडलेली शांतताच पाहतात.

आता आपल्या भाषेकडे वळू. एखादी गोष्ट सर्वांना कळणे यासाठी मराठीत कोणते शब्द आहेत? बोभाटा, बभ्रा, गवगवा, डांगोरा पिटणे, षट्कर्णी होणे, चव्हाट्यावर येणे. हे सगळे शब्द निंदेचे आहेत! इंग्रजीत माणूस प्रकाशझोतात येतो, मथळे मिळवितो. मराठीत त्याचा बोभाटा होतो. इंग्रजी वाक्प्रचारांत प्रसिद्धी ही मिळविण्याची वस्तू आहे, आपल्या जुन्या वाक्प्रचारांत ती टाळण्याची आपत्ती आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण मुलांना शिकवीत आलो. ही शिकवण अब्रूदार माणसाचे भूषण असेल. पण कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा तिने घात केला आहे. सावकाराचा तगादा, बँकेची नोटीस, मुलीच्या लग्नाचे देणे हे सारे तो मुठीत झाकून ठेवतो. घरच्या बाईलाही पुरते सांगत नाही. मूठ उघडते ती त्याच्या मृत्यूनंतर, पंचनाम्यात. आणि तेव्हा वृत्तपत्र म्हणते, यात नवीन काय? एका बाजूने आपल्याच म्हणीने त्याला मुका केले आणि दुसऱ्या बाजूने आणलेल्या वचनाने त्याला अदृश्य केले. या दोन दगडांमध्ये मराठवाड्यातला शेतकरी सापडला आहे.

दवंडीचाही विचार करा. खेड्यात बातमी सर्वांना कळविण्याचे ते साधन होते. दवंडी कोण देत असे? वतनाच्या चाकरीतला महार. हुकूम पाटलाचा, मजकूर सरकारचा, घसा मात्र त्याचा. साऱ्या गावाला बातमी ऐकविणारा हा माणूस स्वतःचे दुःख त्याच गावात मोठ्याने बोलू शकत नव्हता. १९५८ च्या कायद्याने ती वतने रद्द झाली. परंतु त्याच्या किती तरी आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी आपले पाक्षिक काढले आणि त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. ज्यांची बातमी होत नाही त्यांनी आपले पत्र काढावे, हा धडा महाराष्ट्राला त्याही आधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांच्या 'दीनबंधू'ने दिला होता. आणि निजामी राजवटीत, आपले दुःख छापणे हाच गुन्हा होता तेव्हा, आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' चालविला. पुढे अनंत भालेराव यांनी ते नाव या प्रदेशाच्या कानाकोपऱ्यांत नेले.

आपण 'प्रकाशझोत' म्हणतो, त्याच्या मागे इंग्रजीतला 'लाइमलाइट' उभा आहे. माझे विद्यार्थी त्याचा संबंध लिंबाशी लावीत. वास्तविक हा उजेड चुन्याचा आहे. वीज येण्यापूर्वी लंडनच्या नाट्यगृहांत ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत कळीच्या चुन्याचा खडा तापवीत. तो पांढराशुभ्र तळपू लागे, आणि तो झोत नटावर टाकीत. १८३७ च्या सुमारास कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा वापर सुरू झाला. तो खडा जळून झिजत असे, म्हणून एका कामगाराला दिव्यापाशी बसून तो सतत फिरवावा लागे. नट उजेडात, उजेड सांभाळणारा कामगार अंधारात. मराठीत चुना लावणे म्हणजे काय हे मी सांगावयास नको! विनोद सोडला तरी प्रश्न उरतोच. झोत कोणावर पडला याची चर्चा आपण करतो; दिवा कोणाच्या मालकीचा आणि तो फिरविण्याचा हुकूम कोणाचा, याची करीत नाही. पी. साईनाथ यांनी २००६ मध्ये एक हिशेब मांडला होता. मुंबईतील फॅशन सप्ताहाचे वार्तांकन करण्यासाठी पाचशे बारा अधिकृत पत्रकार हजर होते. आणि त्याच आठवड्यात विदर्भात कापूस पिकविणारे शेतकरी आत्महत्या करीत असताना तेथे बाहेरून पोहोचलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मंचावरचे कपडे कापसाचेच होते.

वृत्तपत्रे हा लोकशाहीचा चौथा स्तंभ, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पत्रकार दिनाला उच्चारले जाते. मूळ इंग्रजी शब्द स्तंभ नाही. युरोपात धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जन असे समाजाचे तीन वर्ग मानीत. पार्लमेंटच्या सज्जात बसलेले बातमीदार हा चौथा आणि अधिक प्रबळ वर्ग होय, असे बर्क म्हणाल्याचे कार्लाइल याने १८४० मधील व्याख्यानात सांगितले. म्हणजे मूळ कल्पना सत्ताधारी वर्गाची आहे. भारतात येताना तिचा खांब झाला, आणि विधिमंडळ, कार्यपालिका व न्यायपालिका हे बाकीचे तीन खांब ठरले. मला हे चुकलेले भाषांतर मुळापेक्षा अधिक आवडते. वर्ग आपले हक्क सांगतो. खांब ओझे उचलतो. तथापि खांबाचे नाव घेऊन वर्गाचे हक्क भोगणारी वृत्तपत्रे आपण पाहतो, तेव्हा त्यांना विचारले पाहिजे, की आपण कोणते छत उचलून धरले आहे?

'नो न्यूज इज गुड न्यूज' ही म्हण इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. दूर गेलेल्या माणसाची खबर नाही, त्या अर्थी तो सुखरूप असावा, असा तिचा भाव. घरातल्या आईने ती म्हणावी हे ठीक. राज्यकर्त्याने म्हणू नये. अमर्त्य सेन यांनी वारंवार दाखविले आहे, की स्वतंत्र वृत्तपत्रे आणि निवडणुका जेथे आहेत तेथे मोठा दुष्काळबळी सहसा घडत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने ऑगस्टमध्ये भूकबळींची छायाचित्रे छापली, तेव्हा सरकारला डोळे मिटून बसणे अशक्य झाले. उलट १९५८ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे मेली आणि वृत्तपत्रांत खबर नव्हती. तेथे बातमी नसणे ही सर्वांत वाईट बातमी होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात बातम्या आल्या, विरोधी पक्ष आणि कामगार-शेतकऱ्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. परंतु सेन पुढे जे सांगतात ते अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुष्काळाची बातमी होते, रोजच्या अर्धपोटी जगण्याची होत नाही. म्हणून दुष्काळ टळतो आणि कुपोषण राहते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली; पहिल्या खेपेस पाच लाख लिटर पाणी होते, आणि स्वागताला अवघा देश टक लावून बसला होता. टँकर मात्र त्याआधी वर्षानुवर्षे आपल्या वस्त्यांवर येत होते. गाडीने पाणी आले ही बातमी झाली. नळाने पाणी का येत नाही, ही झाली नाही.

चांगल्या कामाचेही तेच. या बदनापूरच्या कडधान्य संशोधन केंद्राने तुरीचे वाण दिले. त्यांच्या नावातील 'बीडीएन' ही तीन अक्षरे म्हणजे आपले बदनापूर. २०१२ मध्ये आलेली बीडीएन ७११ ही पांढरी तूर कमी दिवसांत येते, त्यामुळे शेवटच्या पावसाने दगा दिला तरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती काही तरी लागते. कित्येकांच्या ताटातले वरण या गावाच्या नावाचे आहे आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. वर्षानुवर्षे शिवारात उन्हात उभे राहून झाडे निवडीत जाण्याचा मथळा होत नाही.

इंग्रजीत 'नाइन डेज वंडर' म्हणतात. आपण नव्याचे नऊ दिवस म्हणतो. दोन्ही भाषांनी लोकांच्या कुतूहलाचे आयुष्य नऊच दिवस ठरवावे, हा योगायोग मजेचा आहे. सरकारी खात्यांना हे गणित पक्के ठाऊक असते. चौकशी समिती नेमावी, नऊ दिवस जाऊ द्यावेत, दहाव्या दिवशी कोणी विचारीत नाही. बातमी पुरणे हा वाक्प्रचारही इंग्रजीच आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे मनोरे पेटलेले असताना ब्रिटनच्या वाहतूक खात्यातील एका सल्लागार बाईंनी, अडचणीच्या बातम्या पुरून टाकावयास हा दिवस चांगला आहे, असे सहकाऱ्यांना लिहिले होते. ते उघड झाले म्हणून आपल्याला कळले. आपल्याकडे अशी चिठ्ठी कोणी लिहीत नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी निर्णय काढला जातो, एवढेच.

तेव्हा आपण काय करावे? वृत्तपत्रांना शिव्या देऊन हात झटकणे सोपे आहे. त्यांच्यात आजही तळमळीने, तुटपुंज्या मानधनावर तालुक्यांतून बातम्या पाठविणारी माणसे आहेत, आणि तीही त्या चुन्याचा खडा फिरविणाऱ्या कामगाराइतकीच अंधारात आहेत. दोष आपल्याकडेही आहे. मोर्चा संपताच आपण परस्परांना विचारतो, "फोटो आला का?" मागणीचे काय झाले, हा प्रश्न नंतर येतो. कित्येकदा येतच नाही. पेपरात नाव आले म्हणजे काम झाले, असे आपण मानू लागलो, तेव्हाच चळवळीचे माप आपण दुसऱ्याच्या हाती दिले.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने यावर आपल्या पद्धतीचे उत्तर शोधले. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामाची हजेरीपत्रके आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली. कामावर न गेलेल्यांची नावे हजेरीत निघाली, न झालेल्या कामांचे पैसे उचललेले निघाले. कोणी टाकीवर चढले नाही, रक्त सांडले नाही. रोजचीच बाब होती. फक्त ती चव्हाट्यावर वाचली गेली. त्या चळवळीच्या रेट्यातूनच पुढे माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये देशभर लागू झाला. आपल्याच रोजगार हमीची कथा अशी आहे. १९७२ च्या दुष्काळातील अनुभवातून ती रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यापुढे नमुना म्हणून ती उभी होती. या साऱ्या वर्षांत ती पहिल्या पानावर किती दिवस होती?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. टँकर ठरलेल्या दिवशी आला की नाही, मजुरी किती दिवसांनी मिळाली, रेशनवर किती धान्य कमी आले, हे तारीखवार लिहावे. एका दिवसाची मजुरी थकली यात बातमी नाही, हे मी मान्य करतो. परंतु तीनशे दिवसांची नोंद समोर ठेवली, तर कोणत्याही संपादकाला 'यात नवीन काय' म्हणता येणार नाही. आणि त्याने म्हटलेच, तर ती वही आठवडी बाजारात, पारावर, ग्रामसभेत वाचावी. दहाव्या दिवशी पुन्हा वाचावी.

चव्हाट्यावर येणे हा शब्द आपल्या भाषेने आजवर गरिबाला भिववण्यासाठी वापरला. चव्हाटा म्हणजे तरी काय? जेथे चार वाटा मिळतात ती जागा. ती कोणाच्या मालकीची नसते आणि तेथला उजेड सूर्याचा असतो. शेतकऱ्याने आपले कर्ज तेथे बोलून दाखवावे, यात त्याची अब्रू जात नाही. अब्रू जाईल ती ज्यांनी हिशेब लपविले त्यांची. झाकलेल्या मुठी आपण एकेक करून उघडावयास लावल्या, तर त्या सव्वा लाखाच्या राहणार नाहीत हे खरे. पण उघडलेले हात एकमेकांना धरता येतात.

त्या मजूर बाईने जिन्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हते. तिची मजुरी वेळेवर मिळू लागेल आणि त्याची बातमी व्हावी इतके नवल त्यात उरणार नाही, असा दिवस आणणे हेच त्याचे उत्तर आहे, असे मला आता वाटते.